घरातलीच गाडी

मामांनी गाडीची किल्ली सासूबाईंच्या हातात ठेवली तेव्हा मी आत पोहे परतत होते. गॅस बंद करून बाहेर येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

"ताई, आता टॅक्सीवाल्यांच्या विनवण्या बंद," मामा म्हणत होते. "सूनबाईला चालवता येते. तुला दादरला व्यायामाला न्यायचं, आणायचं. माझ्याकडे नुसती उभी असते."

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. राहायला गिरगावात, फणसवाडीत. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पाठोपाठ तेही गेले, तेव्हा नवरा शाळेत होता. त्याचं पुढचं शिक्षण, मुंज, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा शर्ट, सगळं मामांनी केलं. मामा-मामींना मूल नव्हतं. आमच्या घरात मामांचा शब्द कधी कुणी ओलांडला नव्हता, आणि ओलांडावा असा तो कधी नसायचाही.

गाडीची गरज आम्हाला खरंच होती. सासूबाईंचे गुडघे गेले होते. लालबागहून दादर म्हणजे जवळचं भाडं, टॅक्सीवाला मान हलवून निघून जायचा. सासूबाई काठीवर भार टाकून रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि मी हात करत पुढे-मागे पळायचे. चाळीच्या जागी टॉवर झाला, पार्किंग मिळालं, पण त्यात ठेवायला गाडी नव्हती. जुनी बघू, असं आमचं बरेच महिने चाललं होतं. नवऱ्याला चालवता येत नाही. मी लग्नाआधी माहीमला शिकले होते आणि ऑफिसच्या कामासाठी बरीच वर्षं चालवत होते. त्यामुळे गाडी बघायची, तपासायची, ते माझ्यावर होतं.

पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता मी म्हटलं, "मामा, एकदा आम्ही बघून जातो गाडी."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"बघायचंय काय?" सासूबाई म्हणाल्या. "घरातलीच गाडी."

"अगं, मामांनी लहान मुलासारखी ठेवली आहे ती," नवरा म्हणाला.

मामा मात्र हसले. "येऊ दे की. गाडी घेताना बघूनच घ्यावी. ये शनिवारी." किल्ली त्यांनी सासूबाईंच्या हातून परत घेऊन खिशात घातली. मामा गेल्यावर सासूबाई दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला गाडीत खोट काढायची नव्हती. पण तिच्या मागच्या सीटवर न वाकणारे गुडघे घेऊन एक बाई बसणार होती आणि चालवणार होते मी. परक्याची गाडी असती तर मी जे केलं असतं ते करायचं, फक्त गाजावाजा करायचा नाही, असं मी ठरवलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत परिवहन खात्याच्या साइटवर नंबर टाकला. एकच मालक, कर्ज नाही, विमा चालू. बरं वाटलं. मग त्याच नंबरावरची दंडाची चलनं उघडली.

सिग्नल तोडला. पुन्हा सिग्नल. एकेरी रस्त्यात उलटी शिरली. परत सिग्नल. सगळी अलीकडची, भर दुपारची. त्याच्या आधीच्या इतक्या वर्षांत एकही नाही.

मामा पिवळा दिवा दिसला की ब्रेक लावणारे. मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी हलायचे नाहीत. त्यामुळे मी सरळ अर्थ लावला, की गाडी दुसरं कुणीतरी चालवतंय. वाडीतला कुणी शेजारी, नाहीतर मामींनी ठेवलेला एखादा ड्रायव्हर. मामा भिडेला बळी पडून किल्ली देत असतील आणि तो वाट्टेल तशी हाणत असेल. मग गाडी आतून कशी असेल ते देवाला माहीत.

परळला माझ्या वर्गातल्या एका मित्राचं गॅरेज आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "घेऊन ये, लिफ्टवर चढवतो." म्हटलं, "आणता येत नाही रे. सासरचा मामला आहे." तो खूप हसला आणि मग काय काय बघायचं ते त्याने फोनवर सांगितलं.

शनिवारी दुपारी मी एकटीच फणसवाडीत गेले. नवऱ्याला त्या प्रकाराची लाज वाटत होती, तो आला नाही. मामांची गाडी वाडीच्या तोंडाशी, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या अंगणात उभी असायची. मामांनी स्वतः कव्हर काढलं, घडी घातली. राखाडी रंगाची छोटी गाडी, धुऊन पुसून लख्ख. आत उदबत्तीचा वास.

मी बोनेट उघडायला सांगितलं. पुढचा एक दिवा पिवळट पडलेला आणि दुसरा कोरा करकरीत. बोनेटच्या कडेचे बोल्ट कधीतरी खोललेले, त्यांच्यावरचा रंग उडालेला. पुढच्या बंपरचा राखाडी दाराच्या राखाडीपेक्षा जरा वेगळा. सावलीत कळत नव्हतं, उन्हात कळत होतं.

"मामा, पुढून कधी लागली होती का हो?"

"छे. एक ओरखडा नाही."

"नाही, दिवा नवीन दिसतोय."

"सर्व्हिसिंगला बदलला असेल. गाडी दिली होती मामीने." त्यांचा आवाज जरा चढला. "अगं, मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय."

"तुमच्याशिवाय कुणी चालवतं का?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. मामांनी बोनेट खाली घेतलं, हाताच्या दाबाने बंद केलं. "माझी गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात मी आजवर दिलेली नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदा देतोय ती तुला. बस. चालवून दाखवतो. लालबागला जाऊ, ताईकडे चहा घेऊ."

वर गॅलरीत मामी उभ्या होत्या. मी बसताना त्यांनी हात वर केला, काहीतरी म्हणाल्या, पण तोवर मामांनी गाडी सुरू केली होती. मी सीटचा पट्टा लावला, तो खटकन बसला.

ठाकूरद्वारपर्यंत सगळं छान होतं. मामांचा हात हलका, क्लच मऊ, इंजिनाचा आवाज एकसारखा. मला मनातल्या मनात ओशाळल्यासारखं झालं. ग्रँट रोड ओलांडून आम्ही नागपाड्याकडे निघालो आणि तिथे लाल सिग्नल होता. मामा बोलत होते. सासूबाईंच्या लग्नात आईस्क्रीम कसं कमी पडलं ते सांगत होते. बोलता बोलता, वेग जराही कमी न करता, त्यांनी सिग्नल ओलांडला. डावीकडून येणारी बस करकचून थांबली.

"मामा! लाल होता!"

"हो का?" ते म्हणाले आणि आईस्क्रीमची गोष्ट पुढे चालू केली.

त्या क्षणी मला सगळी चलनं एकदम समजली. पण समजून उपयोग काय, चालत्या गाडीत मी बाजूला बसले होते आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. "मामा, जरा बाजूला घ्या ना, मला मळमळतंय," मी म्हटलं. "आलंच आता घर," ते म्हणाले. राणीच्या बागेपाशी लालबागचा उड्डाणपूल सुरू होतो. आम्हाला खालून जायचं होतं. मी म्हटलं, "खालून घ्या, खालून," आणि मामा पुलावर चढले.

त्या पुलावर एकदा चढलं की परळपर्यंत उतरायला वाट नाही. दोन्ही बाजूंना कठडे, मागे गाड्यांची रांग. पुलाच्या मध्यावर गाडीचा वेग कमी होत गेला आणि मधल्या लेनमध्ये ती थांबली. मामांनी क्लच दाबून ठेवला होता, इंजिन चालू होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"मामा? काय झालं?"

मागे हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकलवाला आमच्या काचेवर थाप मारून शिवी देऊन गेला. निदान खाली उतरून मागच्यांना हात करावा म्हणून मी पट्ट्याचं लाल बटण दाबलं. ते आत जाईना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. पट्टा छातीवर आवळलेला आणि बटण दगडासारखं. एसी चालू असूनही घाम फुटला. मी हात लांब करून धोक्याचे दिवे लावले. मला तेवढंच करता येत होतं.

"ताई," मामा म्हणाले. "तुला कुठे सोडू?"

मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. मग मी त्यांचा चेहरा पाहिला. कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते, ओळख लागत नसलेल्या माणसाकडे बघून आपण अवघडून हसतो तसं.

मी कोण आहे ते त्यांना सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं आणि ते आणखी घाबरले तर? पाय सुटला तर? मागून टँकर येत होता, आरशात दिसत होता.

"घरी," मी म्हटलं. "लालबागला. सरळ चल. पहिला गिअर टाक."

मामांना मी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. त्यांनी निमूटपणे गिअर टाकला.

"हळू. हां. आता दुसरा. डावीकडे राहा. शाब्बास." मी बोलत राहिले. गप्प बसले तर गाडी पुन्हा थांबेल अशी भीती वाटत होती. पूल संपला, परळला गाडी खाली उतरली, आणि सिग्नलला मामांनी स्वतःहून ब्रेक लावला. कपाळ पुसलं.

"उगाच पूल घेतला गं," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "खालून यायला हवं होतं."

बिल्डिंगच्या आवारात पोचल्यावर मी तो पट्टा हिसके देऊन देऊन कसाबसा सोडवला. वर घरात मामांनी चहा घेतला, दोनदा साखर मागितली, सासूबाईंना म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास चालते. विचार हिला." सासूबाईंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. नवरा लोडाला टेकून हसत होता. सगळ्यांसमोर काय सांगायचं? ज्या माणसाने या घराला हात दिला त्याच्या तोंडावर, त्याच्या बहिणीच्या देखत? मी म्हटलं, "हो, चालते छान."

मग मामा जायला उठले. गिरगावला. गाडी घेऊन.

"मी सोडते," मी म्हटलं. "मी चालवते, मामा. माझा हात बसायला हवा."

"अगं, आता कशाला?" नवरा म्हणाला. "ट्रॅफिक लागेल. जाऊ दे त्यांना."

"मला चालवायची आहे," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

परतीच्या वाटेवर ते झोपले. फणसवाडीत पोचल्यावर त्यांना आत आराम करायला लावून मामींनी मला मागच्या गॅलरीत नेलं. दार ओढून घेतलं. तिथे उभं राहायला जेमतेम जागा होती, तुळशीची कुंडी, वाळत घातलेले टॉवेल आणि आम्ही दोघी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना धक्का बसला नाही. त्यांनी एक टॉवेल दोरीवरून काढला आणि घडी घालायला लागल्या.

"ऑपेरा हाउसला ह्यांनी उभ्या टॅक्सीवर घातली होती," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर पान खायला उतरला होता म्हणून वाचला. मी शेजारीच होते. घरी आल्यावर हे विचारतात, गाडी कुठे आहे? म्हटलं, सर्व्हिसिंगला दिली. तीच दुरुस्त करून आणली. त्यांना काही आठवत नाही. एरवी सगळं ठीक असतं गं. पेपर वाचतात, भाजी आणतात. मधेच असं काहीतरी होतं."

"डॉक्टर?"

"नाव काढलं की चिडतात. गाडी चालवू नका म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. मी काय करू? किल्ली लपवली तर वाडीभर शोधत फिरतात, लोकांना विचारतात." त्यांनी टॉवेल छातीशी धरला. "ताईंना गाडीची गरज आहे हे मीच त्यांच्या कानावर घातलं. रोज थोडं थोडं. परक्याला त्यांनी दिली नसती. बहिणीला देतील, एवढी मला खात्री होती."

मला राग आला. इतका, की आवाज खाली ठेवणं कठीण गेलं. "म्हणजे आपटलेली गाडी तुम्ही आम्हाला दिलीत. सासूबाई बसणार आहेत त्यात. तुमची अडचण तुम्ही माझ्या गळ्यात घातलीत, मामी."

"हो," मामी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू?"

खाली कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तू नको म्हणालीस तर ते उद्या पुन्हा घेऊन बाहेर पडतील," त्या म्हणाल्या. "आणि एक ऐक. भाच्याला सांगू नकोस. ताईंनाही नको. त्यांच्यासमोर ह्यांची मान खाली जाईल, ते मला बघवणार नाही."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्या मोबदल्यात मी दोन गोष्टी मागितल्या. मामांना काहीही करून डॉक्टरकडे न्यायचं, आणि गाडी आत्ताच माझ्याबरोबर द्यायची. मामींनी तिथल्या तिथे मामांना उठवून सांगितलं, की सूनबाई हात बसवायला गाडी घेऊन जातेय. मामा झोपेत होते. बरं म्हणाले.

गाडी गॅरेजवाल्या मित्राने लिफ्टवर चढवली. त्याने सांगितलं ते मला बहुतेक ठाऊकच झालं होतं. पुढची चौकट थोडी वाकली आहे, वरवर सरळ केली आहे, पट्टा बदलायला हवा, एअरबॅगचा भरवसा नाही. "कुणीतरी तुला टोपी घालतंय," तो म्हणाला. "नको घेऊ. सरळ परत कर. एवढी कसली भीड?" त्याला मी काय सांगणार? मी म्हटलं, "तू दुरुस्त कर. नीट, पूर्ण." तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघत राहिला.

घरी मात्र आनंदीआनंद होता. सासूबाईंनी गाडीसाठी हार आणायला सांगितला. नवरा संध्याकाळी येऊन विचारायचा, "मग? निघाली का काही खोट?" आणि हसायचा. मी ज्या गाडीत बसायला घाबरत होते तिचं मला कौतुक करावं लागत होतं, आणि ज्यांच्यावर राग होता त्यांनाच सांभाळून घ्यावं लागत होतं. ऑफिसातून सुटून लालबागच्या मार्केटमधून चालत येताना पाय जड व्हायचे. घर जवळ आलं की मी मसाल्याच्या दुकानांपाशी उगाच रेंगाळायचे.

एक दिवस नवरा म्हणाला, "मामांनी फोन केला होता. कागद होईपर्यंत गाडी परत आणून दे म्हणतायत, त्यांना पार्ल्याला जायचंय. उद्या सोडून येशील?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? गाडी त्यांची आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. दोघं बेडरूममध्ये होतो, दार लोटलेलं, सासूबाई बाहेर टीव्ही बघत होत्या, म्हणून कुजबुजत सांगावं लागलं. पूल, पट्टा, ऑपेरा हाउस, मामी. नवरा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा घट्ट होत गेला.

"तुला पहिल्यापासून नको होती ती गाडी," तो म्हणाला. "एकदा सिग्नल सुटला, एकदा चुकून ताई म्हणाले, तर तू त्यांना वेडं ठरवलंस."

"मी नाही ठरवलं. मामींना विचार."

"मामांनाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून परस्पर गिरगावला गेला. मी जेवण झाकून ठेवून बसले. आला तेव्हा त्याने चपला काढल्या, हातपाय धुतले, आईच्या शेजारी जाऊन बसला, तिच्याबरोबर मालिका बघितली. ती तो कधी बघत नाही. मी पान वाढलं तेव्हा म्हणाला, "मला विचारत होते, एसएससीचा निकाल कधी आहे."

मी भाताची वाटी पानाशी ठेवली.

"मी सांगितलं, पुढच्या महिन्यात," तो म्हणाला आणि जेवायला लागला. दोन घास झाल्यावर थांबला. "घेऊ या गाडी. त्यांनी मागितली तरी द्यायची नाही."

गाडी नावावर करायच्या कागदांवर मामांनी स्वच्छ, वळणदार सह्या केल्या. प्रत्येक कागद आधी वाचला. विकणाऱ्याने काय काय जाहीर करायचं ते वाचून म्हणाले, "अपघात नाही, बरोबर," आणि मामींकडे पाहिलं. मामींनी "बरोबर" म्हटलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

सासूबाईंना नंतर हळूहळू कळलं. कुणी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं. भाऊ फोनवर तेच तेच विचारायला लागला तेव्हा. डॉक्टरही झाले. गोळ्या सुरू झाल्या, विसरण्याचा आजार त्यांनी जरा मंदावेल इतकंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी दुरुस्त होऊन आली, पट्टे नवे बसवले, सासूबाई तिच्यातून दादरला जायला लागल्या. पहिले काही महिने मी पूल टाळून खालूनच जायचे.

आणि मामांचे फोन यायचे. "काय म्हणते गाडी? रविवारी घेऊन ये, जरा चक्कर मारतो." मी कधी टायर पंक्चर आहे म्हणायचे, कधी विमा संपलाय, कधी पार्किंगची लिफ्ट बंद पडली आहे. खोटं बोलायची मला इतकी सवय झाली, की मामांचा नंबर दिसला की कारण आधीच तयार असायचं. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "असू दे, असू दे. पुढच्या रविवारी."

गेल्या हिवाळ्यात मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायला त्यांना न्यायचं होतं, मामांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून मी गाडी घेऊन गेले. मामींना दवाखान्याच्या दारात सोडलं. आतमध्ये गर्दी होती, त्या म्हणाल्या, तुम्ही दोघं गाडीतच थांबा. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली. मामा माझ्या शेजारी बसले होते. पट्टा त्यांनी स्वतः लावला होता. किल्ली मागितली नव्हती.

ते समोरून जाणारी माणसं बघत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी पुलावर तू मला अरे-तुरे केलंस."

मी हादरलेच. "मामा, ते मी..."

"बरं केलंस. ताई रागावली की तसंच बोलायची. म्हणून पाय हलला माझा." ते माझ्याकडे न बघता बोलत होते, सावकाश, शब्द हातून निसटू नयेत अशी काळजी घेत. "टॅक्सीचं पण आठवतं. सगळं नाही. आवाज आठवतो. घरी आल्यावर मी हिला विचारलं, गाडी कुठे आहे. ही म्हणाली, सर्व्हिसिंगला. मी म्हटलं, चला, हिने सोडवलं आपल्याला. मग तेच धरून बसलो."

"मग तुम्ही चालवायची थांबवली का नाहीत?"

"थांबवली तर का थांबवली, ते सांगावं लागलं असतं." त्यांनी गुडघ्यावरच्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली. "रोज वाटायचं, आज कुणीतरी किल्ली मागेल. हिने मागितली की मात्र राग यायचा. तू मागितलीस आणि कारणही तूच दिलंस. हात बसवायचा म्हणून."

मला रडू येत होतं आणि रडता येत नव्हतं, कारण दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामी दिसायला लागल्या होत्या. काळा चष्मा, एका हाताने कठडा धरलेला. मी दार उघडायला लागले तसा मामांनी माझा हात धरला.

"हिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून," ते म्हणाले. "इतके दिवस तिने सांभाळलंय. तिला वाटतंय मला काही कळलं नाही. तसंच वाटू दे."

मी उतरले, मामींना हाताला धरून आणलं, मागच्या सीटवर बसवलं, पदर दारात अडकत होता तो आत घेतला. गाडी सुरू केली. चर्नी रोडला सिग्नल लागला. मग मामी पुढे वाकल्या.

"काय बोलत होतात गं दोघं?" त्यांनी हळूच विचारलं. "काही विचारत होते का हे? गाडीबद्दल?"

मामा खिडकीतून बाहेर बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "ऊन किती आहे, तेच चाललं होतं."